गाडी डेपोतून सुटते कशी? एसटीच्या वर्कशॉपमधल्या मेकॅनिकचं काम समजून घ्या

सकाळची पहिली एसटी आली नाही की फाट्यावर बोलणी बसतात ती ड्रायव्हर-कंडक्टरला. कॉलेजची पोरं, बाजाराला निघालेल्या बाया, तालुक्याला तारखेला जाणारी माणसं, सगळ्यांचा एकच सवाल असतो, "गाडी का आली नाही?" बऱ्याच वेळा याचं उत्तर डेपोच्या मागच्या बाजूला, पत्र्याच्या शेडमध्ये असतं. तिथे आदल्या रात्री कुणीतरी चाकापाशी वाकून बघितलेलं असतं आणि वहीत लिहिलेलं असतं की ही गाडी उद्या सोडायची नाही.

ते लिहिणारा माणूस प्रवाशांना कधी दिसत नाही. त्याचं काम नेमकं काय असतं, त्यात जोखीम कुठली आणि गावातल्या पोरापोरींना या कामात शिरायचं असेल तर वाट कोणती, याची ही माहिती.

गॅरेज वेगळं, ताफा वेगळा

रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये गाडी बिघडल्यावर येते. मालक म्हणतो आवाज येतोय, मिस्त्री आवाज काढून देतो, पैसे घेतो, विषय संपला. ताफ्याच्या गाड्यांचं, म्हणजे एकाच मालकाच्या पाच-पन्नास गाड्या रोज धावतात तिथलं काम नेमकं उलटं चालतं. तिथे गाडी बिघडायच्या आधी हात लावायचा असतो. ठरलेल्या दिवसांनी, ठरलेल्या किलोमीटरला गाडी आत घ्यायची, ठरलेल्या गोष्टी उघडून बघायच्या, ऑइल-फिल्टर बदलायचे, ग्रीस मारायचं आणि नोंद करायची. गाडी चांगली चालत असली तरीही. "चालतीय ना, मग कशाला उघडायची?" हे वाक्य गॅरेजवर ठीक आहे, डेपोत त्याला जागा नाही.

यात एक अडचण आहे. या कामाचं यश कुणाला दिसत नाही. वेळेवर बदललेल्या लायनिंगमुळे घाटात जो अपघात झाला नाही, त्याची बातमी होत नाही. बातमी होते ती राहून गेलेल्या कामाची.

महाराष्ट्रात असा सगळ्यात मोठा ताफा एसटीचा. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) अशी पहिली बस धावली. त्या सुरुवातीच्या काळात ताफ्यात शेवरोले, फोर्ड, बेडफोर्ड, लेलँड, अल्बियन, स्टुडबेकर, फियाट अशा दहा वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या होत्या. मेकॅनिकच्या नजरेने बघितलं तर ही डोकेदुखीच. दहा कंपन्या म्हणजे दहा प्रकारचे सुटे भाग, दहा प्रकारचे पाने आणि दहा प्रकारच्या खोडी. पुढे मुख्यतः टाटा आणि अशोक लेलँड यांच्यावर भर राहिला, त्यामागे हेही एक कारण समजावं. एकसारख्या गाड्या असल्या की एका गाडीचं दुखणं कळलं की बाकीच्यांचं आधीच ओळखता येतं.

आज राज्यात एसटीचे सुमारे २५० आगार, म्हणजे डेपो आहेत. डेपोत रोजची देखभाल आणि छोटी-मध्यम दुरुस्ती होते. त्याच्या वर विभागीय कार्यशाळा, जिथे मोठी कामं जातात. आणि सगळ्यात वर तीन मध्यवर्ती कार्यशाळा: पुण्याजवळ दापोडी, छत्रपती संभाजीनगरला चिकलठाणा आणि नागपूरला हिंगणा. कंपनीकडून नुसती चेसिस घ्यायची आणि वरची बॉडी स्वतः बांधायची, ही एसटीची जुनी पद्धत. लालपरी म्हणून जी ओळखीची गाडी आहे, तिच्या अनेक पिढ्या या तीन ठिकाणी बांधल्या गेल्या.

खरी गडबड रात्री

दिवसा डेपो रिकामा वाटतो, कारण गाड्या रस्त्यावर असतात. संध्याकाळपासून एकेक गाडी परत यायला लागते. डिझेल भरायचं, धुवायची, आणि धुवून झाल्यावर वर्कशॉपच्या लायनीत लावायची. पहाटे पहिली गाडी सुटायच्या आत सगळं आटपायचं. मधले जे काही तास मिळतात तेवढाच वेळ.

मुक्कामी गाड्यांचं गणित निराळं. त्या रात्री गावातच उभ्या असतात, त्यामुळे रात्रीच्या पाळीच्या हाताला लागतच नाहीत. त्या सकाळी डेपोत येतात, फेऱ्यांच्या मधल्या वेळात त्यांना बघून घ्यावं लागतं. सगळ्यात खराब रस्त्यावर चालणारी गाडी आणि तपासायला सगळ्यात कमी वेळ, असा हा मेळ आहे. आडगावच्या प्रवाशाने हे लक्षात ठेवलेलं बरं. मुक्कामी गाडी दुपारी डेपोत तासभर अडकली, तर ती बहुधा याच कारणाने.

ड्रायव्हर गाडी लावताना तक्रार लिहून देतो. लिहिलेलं दोन शब्दांचं असतं, म्हणून चांगला मिस्त्री तोंडी विचारतो.

"मिस्त्री, गाडी डावीकडं ओढतीय."

"ब्रेक मारल्यावर का नुसतीच?"

"ब्रेक मारल्यावर."

एवढ्या एका प्रश्नाने अर्धं काम हलकं होतं. ब्रेक मारल्यावरच ओढत असेल तर दोन बाजूंचे ब्रेक सारखे लागत नाहीत. एका बाजूच्या लायनिंगला ग्रीस किंवा ऑइल लागलंय, किंवा दोन बाजूंची ॲडजस्टमेंट वेगळी झालीय. नुसतीच ओढत असेल तर आधी टायरमधली हवा बघायची, मग चाक मोकळं फिरतंय का, मग पाट्यांचा मधला बोल्ट तुटून ॲक्सल सरकलाय का. तो बोल्ट तुटला की गाडी रस्त्यावर थोडी तिरकी चालते. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ते आधी दिसतं, ड्रायव्हरला नंतर जाणवतं.

धुराचंही तसंच. काळा धूर म्हणजे डिझेल पूर्ण जळत नाही, एअर फिल्टर चोंदलाय किंवा इंजेक्टर खराब. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. धुळीच्या रस्त्यावरच्या गाडीचा एअर फिल्टर डांबरी रस्त्यावरच्या गाडीपेक्षा कितीतरी लवकर भरतो, त्यामुळे कागदावरचं किलोमीटरचं वेळापत्रक मेकॅनिकला आपल्या तालुक्याच्या रस्त्याप्रमाणे वाकवून घ्यावं लागतं.

काही तपासण्यांना हत्यारही लागत नाही. फेरी करून आलेल्या गाडीच्या चारी बाजूंच्या चाकांच्या मध्यभागाजवळ हाताचा पंजा न्यायचा. तीन चाकं कोमट आणि एक चटका देणारं असेल, तर तिथे ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग गेलंय. घासणारा ब्रेक डिझेलही जास्त खातो. म्हणून एखाद्या गाडीचा ॲव्हरेज अचानक पडला की जाणता माणूस पंपाकडे जायच्या आधी चाकांकडे जातो. नटांभोवती गंजाच्या तांबड्या रेघा दिसल्या तर तो नट सैल आहे. हातोडीने नट ठोकला तर घट्ट नटाचा आवाज खणखणीत येतो, सैल नटाचा बद्द. मागच्या जोडचाकांपैकी आतलं टायर बसलंय का, हेही असंच ठोकून कळतं. नुसतं बघून कळत नाही, कारण बाहेरच्या टायरने भार पेललेला असतो.

हवेचा ब्रेक: सगळ्यांना माहीत असायला हवं असं

एसटी, ट्रक, उसाच्या मोठ्या गाड्या यांचे ब्रेक हवेवर चालतात. इंजिनला जोडलेला कॉम्प्रेसर हवा दाबून टाक्यांमध्ये भरतो. साधारण सात ते आठ बार दाब भरला की गाडी निघायला तयार. ड्रायव्हरने पायडल दाबलं की ही हवा चाकांपाशी जाते आणि लायनिंग ड्रमवर दाबलं जातं. सकाळी एसटी सुरू करून ड्रायव्हर काही मिनिटं नुसता बसून राहतो, प्रवासी वैतागतात. तो बहुधा हवा भरायची वाट बघत असतो.

मेकॅनिकचं रोजचं काम म्हणजे ही हवा कुठे गळत नाही ना, ते बघणं. इंजिन बंद करून शांततेत कान द्यायचा, फुस्स आवाज कुठून येतो ते शोधायचं. सापडलं नाही तर जोडांवर साबणाचा फेस लावायचा, बुडबुडे येतील तिथे गळती. दुसरं म्हणजे टाकीतलं पाणी सोडणं. हवा दाबली की तिच्यातली वाफ टाकीत पाणी होऊन साचते. ते काढलं नाही तर टाकीतली हवेची जागा कमी होते आणि वॉल्व्ह गंजतात. खालचा कॉक उघडायला अर्धा मिनिट लागतो. पावसाळ्यात हे काम राहून गेलं तर काय होईल ते सांगायला नको.

इथे एका सवयीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडणारे ड्रायव्हर अजूनही आहेत. खासगी ट्रकवर तर सर्रास. गिअरमध्ये गाडी असली की इंजिनच तिला मागे धरून ठेवतं. न्यूट्रल केली की सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात, आणि तापलेल्या ड्रमवर लायनिंग धरत नाही. त्यात इंजिन बंद पडलं तर कॉम्प्रेसर थांबतो, टाकीतली हवा प्रत्येक ब्रेकला कमी होत जाते. मग 'ब्रेक फेल झाला' असं पंचनाम्यात येतं. खालून ब्रेक उघडून बघणाऱ्याला निळे पडलेले ड्रम दिसतात, आणि ब्रेक फेल झाला की तापवून घालवला, हे त्याला कळतं.

नव्या गाड्यांत मागच्या चाकांना स्प्रिंग ब्रेक असतो. त्यात उलटा हिशेब आहे: हवा असेल तर चाक मोकळं, हवा गेली की आतली जबर स्प्रिंग चाक जखडते. गाडी भर चौकात बंद पडून जागची हलत नाही आणि लोक ढकलायला जातात, तेव्हा दहा माणसं लावूनही ती का हलत नाही, त्याचं कारण हे असू शकतं.

चाक निखळतं कसं

धावत्या गाडीचं चाक निखळून शेतात गेल्याच्या बातम्या वाचून लोक हसतात. वर्कशॉपमध्ये कुणी हसत नाही. चाक काढून परत बसवलं की नट आवळायचे, आणि गाडी पन्नास-शंभर किलोमीटर चालून आली की पुन्हा आवळायचे. नवीन बसवलेलं चाक चालता चालता बैठक घेतं आणि पहिला ताण सैल होतो. हा दुसरा हात राहून गेला तर धोका. रात्री पंक्चर काढून सकाळी लांब पल्ल्याला गेलेल्या गाडीचा दुसरा हात कुणी मारायचा, हे वहीत लिहिलेलं नसेल तर तो कुणीच मारत नाही.

जुन्या अनेक मॉडेलांत डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असायचे. नवख्या पोराने नट खोलायच्या नादात आवळून बोल्टच तोडला, असा किस्सा तुम्हाला जुन्या वर्कशॉपमध्ये हमखास ऐकायला मिळेल.

टायरचा नियम साधा आहे. बस-ट्रकच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली की ते रस्त्यावर चालवायचं नाही. झिजलेल्या टायरवर नवीन रबर चढवतात, त्याला रिमोल्ड म्हणतात. त्यात गैर काही नाही, पैसा वाचतो. पण असं टायर मागच्या जोडचाकांत टाकावं, पुढे टाकू नये. पुढचं टायर फुटलं तर स्टेअरिंग हातात राहत नाही.

शेतातला युरिया आणि गाडीतला युरिया

१ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-६ नियम लागू झाला. या डिझेल गाड्यांत मेकॅनिकचं काम बरंच बदललं. आधी बोनेट उघडून कान लावला की निम्मं निदान व्हायचं. आता स्कॅनर जोडून गाडीच्या कॉम्प्युटरला विचारावं लागतं. सेन्सर एखादा खराब असला तरी गाडी ओढ कमी करते, आणि इंजिन मात्र ठणठणीत असतं. पानाच तेवढा हातात असलेला जुना उस्ताद इथे अडखळतो आणि स्कॅनरच तेवढा येणारा नवा पोरगाही अडखळतो. स्क्रीनवर 'प्रेशर कमी' असं आलं तर तो सेन्सर खोटं बोलतोय की खरंच पाइप फुटलाय, हे बघायला शेवटी खालीच जावं लागतं.

मोठ्या बीएस-६ गाड्यांना डिझेलशिवाय एक वेगळं द्रव्य लागतं. बोलीत त्याला नुसतं 'युरिया' म्हणतात, पंपावर 'डीईएफ' किंवा 'ॲडब्लू' नावाने मिळतं. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी शुद्ध केलेलं पाणी असतं. धुरातला विषारी वायू कमी करायला ते सायलेन्सरच्या वाटेवर फवारलं जातं. ते संपलं की गाडीचा जोर आपोआप उतरतो.

नाव युरिया असल्यामुळे काही जण खताच्या गोणीतला युरिया पाण्यात कालवून टाकीत ओततात. हा उद्योग फार महागात पडतो. खताचा युरिया कडुनिंबाच्या तेलाचं अस्तर दिलेला असतो, त्यात इतर अशुद्धीही असते. फवारणीची बारीक तोंडं त्याने बुजतात आणि पुढचा महागडा भाग निकामी होतो. वाचलेले पैसे आणि दुरुस्तीचं बिल यांची तुलनाच होत नाही. ट्रॅक्टर-ट्रकवाल्या मंडळींनी हे एवढं तरी लक्षात ठेवावं.

सोडायची की थांबवायची

या कामातला सगळ्यात अवघड क्षण हत्यारांचा नसतो. पहाटेचे पाच वाजलेत, गाडी फलाटावर लावायचीय, ड्रायव्हर-कंडक्टर हजर आहेत, आणि पुढच्या चाकाचं किंगपिन ढिलं लागतंय. सुटा भाग स्टोअरला नाही. गाडी रद्द केली तर एका मार्गावरची चार गावं ताटकळणार, शाळकरी मुली पास असून घरी बसणार, वरून विचारणा होणार. सोडली तर बहुतेक काही होणार नाही. त्या 'बहुतेक' या शब्दापाशीच सगळी जबाबदारी येऊन थांबते.

ताफा कुठलाही असो, सरकारी असो की खासगी, सुटे भाग कमी पडले की एका उभ्या गाडीचा भाग काढून दुसरीला लावायची पद्धत सगळीकडे आहे. दोन गाड्यांऐवजी एक तरी चालते, म्हणून ते समजण्यासारखं आहे. पण त्याची नोंद झाली नाही तर तो भाग कधीचा, किती चाललेला, हे कुणालाच कळत नाही. म्हणून वही महत्त्वाची. कुठली तक्रार आली, कुणी काय केलं, काय करायचं राहिलं, सही. अपघात झाल्यावर पहिल्यांदा मागितली जाते ती हीच वही, आणि नीट काम केलेल्या मेकॅनिकला वाचवतेही तीच. 'तोंडी सांगितलं होतं' याला चौकशीत किंमत नसते.

गाडी नुसती उभी राहिली तरी बिघडते, हे लोकांना पटत नाही. २०२० च्या टाळेबंदीत आणि २०२१-२२ च्या लांबलेल्या संपात शेकडो गाड्या जागेवर होत्या. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायर एकाच जागी दबून राहतं, रबरी भाग कडक होतात, ब्रेकचे ड्रम गंजून लायनिंगला चिकटतात, वायरी उंदीर कुरतडतात. अशी गाडी चावी फिरवून लगेच रस्त्यावर आणता येत नाही. "संप मिटला, मग गाड्या का नाहीत?" असं तेव्हा गावोगाव विचारलं गेलं, त्याच्या उत्तराचा एक भाग हा होता.

जिवाला जपून

वर्कशॉपमध्ये जीव जातात ते बहुतेक घाईने. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नये, घोडी लावल्याशिवाय नाहीच. चाकांना ठोकळे लावावेत. गाडीखाली माणूस असताना चावी त्याच्याच खिशात असावी, म्हणजे दुसरा कुणी येऊन स्टार्टर मारणार नाही. स्प्रिंग ब्रेकचा डबा माहिती नसताना उघडू नये. आतली स्प्रिंग सुटली तर माणूस वाचत नाही. रिंगवाल्या डिस्कच्या टायरात हवा भरताना ते जाळीच्या पिंजऱ्यात ठेवावं, किंवा निदान तोंडासमोर उभं राहू नये. गावच्या पंक्चरच्या दुकानात हा पिंजरा क्वचितच दिसतो, ही काळजीची गोष्ट आहे.

हळूहळू होणारा त्रास वेगळा. जुनी लायनिंग साफ करताना हवेचा झोत मारून धूळ उडवतात, ती छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसणं बरं. डिझेलने हात धुण्याची सवय जवळपास प्रत्येकाला असते आणि चाळिशीनंतर कातडीच्या तक्रारीही त्यातल्या अनेकांना असतात. कंबर आणि गुडघे तर या धंद्यात आधी जातात. म्हणूनच खड्ड्याची सोय असलेली शेड ही चैन समजू नये.

या कामात शिरायचं कसं

सरळ वाट आयटीआयची. 'मोटार मेकॅनिक व्हेईकल' हा दोन वर्षांचा ट्रेड आणि 'डिझेल मेकॅनिक' हा एक वर्षाचा. दोन्हींना दहावी पास लागते. वेल्डर, शीट मेटल, पेंटर, ऑटो इलेक्ट्रिशियन यांचीही ताफ्याच्या वर्कशॉपला गरज असते, कारण बसची बॉडी, सीट आणि वायरिंग सांभाळणं हे इंजिनाइतकंच मोठं काम आहे. आयटीआयनंतर शिकाऊ उमेदवारी, म्हणजे ॲप्रेंटिसशिप. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे आणि एसटीचे विभाग त्याखाली मुलं-मुली घेतात. मुली या कामात येत नाहीत हा समज जुना झाला. डेपोच्या वर्कशॉपमध्ये पाना धरणाऱ्या मुली आता दिसतात.

एक गोष्ट मात्र आधीच समजून घ्यावी. ॲप्रेंटिसशिप म्हणजे नोकरी नव्हे. ठरलेल्या मुदतीत विद्यावेतन मिळतं, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र मिळतं. कायम भरतीची जाहिरात वेगळी निघते, आणि ती कधी निघेल याचा भरवसा धरून बसू नये. एसटीत सुरुवात सहसा सहाय्यक पदापासून होते, पुढे कारागीर, मग प्रमुख कारागीर अशी चढण असते.

प्रमाणपत्र हातात असलं की वाट एसटीपुरती राहत नाही. तालुक्यातच बघितलं तर दूध संघाचे टँकर, साखर कारखान्याच्या गाड्या, शाळेच्या बस, रुग्णवाहिका, नगरपंचायतीच्या घंटागाड्या, उन्हाळ्यातले पाण्याचे टँकर, हे सगळे ताफेच आहेत. प्रवासी आणि मालवाहू गाड्यांना आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस करून घ्यावं लागतं, त्यामुळे वर्षभर काम असतं. कारखान्याच्या वाहनांचं मात्र हंगामावर असतं. गाळप चालू असताना रात्रंदिवस धावपळ, आणि हंगाम संपला की गाड्या पूर्ण उघडून नीट करायचे दिवस. शिकायला हेच दिवस चांगले. ज्याला इंजिन पहिल्या नटापासून शेवटपर्यंत उघडलेलं बघायचंय, त्याने ऑफ सीझनला कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये जावं.

इलेक्ट्रिक बसचं काय, हाही प्रश्न मुलं विचारतात. एसटीची पहिली 'शिवाई' १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावरच धावली. या गाडीत इंजिन ऑइल नाही, इंजेक्टर नाही, सायलेन्सर नाही. पण ब्रेक, टायर, पाटे किंवा हवेचे फुगे, स्टेअरिंग, दरवाजे आणि एसी आहेतच. बॅटरीचा दाब काहीशे व्होल्ट असतो, त्यामुळे त्या भागाला प्रशिक्षण घेतल्याशिवाय हात लावणं म्हणजे जिवाशी खेळ. भाडेतत्त्वावरच्या गाड्यांची देखभाल ठेकेदार कंपनीकडे असते. म्हणजे पुढची अनेक कामं डेपोच्या आवारात असली तरी कामावर ठेवणारा मालक वेगळा असू शकतो. ऑफर हातात आली की पत्र कुणाच्या नावाचं आहे, पीएफ कापला जातो का, विमा आहे का, हे आधी वाचावं.

शिकाऊ उमेदवारीची नोंदणी केंद्र सरकारच्या ॲप्रेंटिसशिप पोर्टलवर मोबाईलवरूनही करता येते. आधार कार्ड, दहावीची गुणपत्रिका, आयटीआयचं प्रमाणपत्र, बँक पासबुक आणि फोटो जवळ ठेवावेत. आधारवरचं आणि गुणपत्रिकेवरचं नाव एकसारखं हवं, नसेल तर आधी ते दुरुस्त करून घ्यावं, कारण अर्ज बहुधा इथेच अडकतात. नोंदणीला पैसे लागत नाहीत. 'डेपोत लावून देतो' म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नयेत. जागांची विचारणा जवळच्या आयटीआयमध्ये किंवा एसटीच्या विभागीय कार्यालयात करावी.